गरम बोर तपासाले आलेला माणूस

माझ्या वावरातल्या बोरचं पाणी गरम निघते. त्यावर वीज होईन, असं मी साऱ्या गावाले सांगून ठेवलं होतं. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करणाऱ्या कारखान्यातला एक माणूस तपासाले आला. थर्मामीटर लावायच्या आधी तो दरवेळी धारेखाली तळहात धरे.

"काका, जेवढी वीज निघेल तेवढी तुमचा पंपच खाईल."

मी त्याले चहाले घरी नेलं. मंग त्यानं घरच्या नळाखाली हात धरला. पाणी तेवढंच गरम. वावरापासून घरापर्यंत पाइपाले मी जिनिंगमधला टाकाऊ कापूस अन् पोते गुंडाळले होते.

"आमची उष्णता तर पाइपातच वाया जाते," म्हणत त्यानं सारं वहीत उतरवून घेतलं.

चौकात लोकायनं विचारलं, "बुढेबुवा, वीज केव्हा?"

"त्यायचा कारखाना आधी सुधरू द्या," मी म्हणलं.