खिळ्याशेजारचा कोळी

आमच्या यज्ञेश्वरकाकांचा उजवा डोळा लहानपणी झावळीचं पातं लागून गेला. उरलेल्या डाव्यावर त्यांनी श्रीवर्धनची सुपारीची वाडी सांभाळली, आणि ऐट अशी की दोन डोळेवाल्यांनी वाट सोडून उभं राहावं. त्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा मात्र घरात ऑपरेशनचं नाव काढायची सोय राहिली नाही. हाही गेला तर, ही धास्ती. ती लपवायला काका डॉक्टरांनाच नावं ठेवत.

त्यांचा जीव पडवीच्या खिडकीतल्या एका कोळ्यावर. जाळं विणून वाट बघत बसणारा नव्हे, हा शिकारी. नखाएवढा, काळा, पाठीवर पांढऱ्या रेघा, आणि आठांपैकी पुढचे दोन डोळे चांगले टपोरे. माशी दिसली की मांजरासारखा दबकत जायचा, मागे धागा चिकटवायचा आणि उडी. नेम चुकला तर त्याच धाग्यावरून पुन्हा वर. काकूंनी केरसुणी उचलली की काका आडवे यायचे.

एका सकाळी मी गेलो तर काका चहा फुंकत त्याचं कौतुक सांगत होते. केव्हाचा दबा धरून बसलाय, जागचा हललेला नाही, असली चिकाटी हल्लीच्या मुलांत कुठे? हा टोला मला होता. काकूंनी चौकटीवर बोट ठेवलं.

"अहो, हा कॅलेंडरचा खिळा आहे."

मी हसू दाबायला गेलो, ते दबलं नाही. काका चहा तसाच ठेवून वाडीत निघून गेले. संध्याकाळी मला म्हणाले, अलिबागच्या डॉक्टरांची वेळ घे.

ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा काकांना सगळं धूसरच दिसत होतं. निवळेल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. काकू मागे पदराचं टोक पिळत होत्या.

"हा खिळा," काका म्हणाले. "आणि त्याच्या डावीकडे आमचा गडी. पाठीवर तीन रेघा आहेत. माझ्याकडेच बघतोय लेकाचा."

कोळी खरंच तोंड वळवून बघत होता. मग त्याने उडी मारली आणि माशी धरली. काकांनी मांडीवर थाप मारली, अशी की कोंबड्या पळाल्या. मग वळून ते काकूंकडे बघतच राहिले.

"तुझं कुंकू आज तिरकं लागलंय."

काकूंनी ते दिवसभर तसंच ठेवलं.