शाळेच्या भिंतीतूनही तोच आवाज

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला टिनिटस म्हणतात. आवाज बाहेर नसतो, तरी कानात वाजत राहतो."

मी मान हलवली. मला एकच विचारायचं होतं, पण तोंड उघडेना.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या पोटाशी. घरं अकरा, सगळ्यात वरचं आमचं. तळीयेला दरड आली तेव्हापासून पाऊस लागला की सगळे वरच्या घराला विचारतात, काही ऐकू येतंय का. आमचे हे कामाला मुंबईला असतात, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या श्रावणात दुपारी मला सूं असा आवाज आला. डोंगरात कुठं पाणी फुटावं तसा. मी जावेला सांगितलं. तिनं ओरडून वाडी गोळा केली. गुरं सोडली, म्हाताऱ्यांना धरून खालच्या शाळेत नेलं.

शाळेत मी भिंतीला टेकून बसले, तर भिंतीतूनही तोच आवाज. तेव्हा कळलं, तो माझ्याबरोबर चालत आला होता.

कोणाला बोलले नाही. संध्याकाळपर्यंत डोंगर हलला नाही, सगळे घरी परतले. खालच्या घरातले बापूकाका म्हणाले, "काय गो, डोंगर निरोप फक्त तुलाच धाडतो काय?" सगळे हसले. मीही हसले.

पुढचे तीन महिने वाईट गेले. खरंच डोंगर वाजला तर या आवाजात मला तो ऐकू येईल का? आणि आला तरी माझं कोण ऐकेल? लसूण तळून तेल कानात घातलं. एकटी गप्प बसून ऐकत राहायची, तर आवाज आणखी वाढायचा. जाऊ हाक मारायची ती मला ऐकू जायची नाही. शेवटी तीच मला धरून महाडला या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली.

बाईंनी आधी कानात बत्ती मारून पाहिलं. तेल बंद करा म्हणाल्या. मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. बंद खोलीत कानाला हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. तिथं इतकं सामसूम होतं की माझा सूं तेवढा मोठा झाला. बटण कशासाठी दाबतेय तेच समजेना.

बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. ती शेवटी खाली उतरली होती. "बारीक, उंच पट्टीतले आवाज तुम्हाला कमी येतात. जे येत नाही त्याच्या जागी मेंदू स्वतःच आवाज काढतो. काम काय करता?"

"पिठाची गिरणी चालवते हो, बारा वर्सं," जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिनंच विचारलं, "हिला डोंगर ऐकू येल काय, ते सांगा."

बाईंना कळायला वेळ लागला. जावेनं दरडीचं, वरच्या घराचं सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "जाड आवाज यांना चांगले येतात. पण दरडीसाठी कानावर विसंबून राहू नका. पाऊस थांबत नसेल तर ऐकत बसायचंच नाही, निघायचं."

गिरणीच्या आवाजानं कान आणखी बिघडू नयेत म्हणून तिथं कानाला लावायला त्यांनी झाकणं लिहून दिली. सामसुमीत बसू नका, पंखा किंवा रेडिओ हळू चालू ठेवा, आवाज मोजत बसू नका, असं सांगितलं. आवाज पूर्ण जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत. तो गेलाही नाही. पण आता दिवसाचा बराच वेळ मला त्याची आठवण नसते. ज्या बाईच्या कानात असं वाजत असेल तिनं माझ्यासारखं लपवू नये, तेल ओतू नये. घरात एकीला तरी सांगावं. माझ्या जावेनं माझ्या तोंडचा प्रश्न विचारला, तो मी जन्मभर विसरणार नाही.

यंदा आषाढात दोन दिवस पाऊस हटला नाही. कानात सूं चालूच होता. बापूकाका छत्री घेऊन वर आले.

"काय गो, आज काय म्हणतो डोंगर?"

जाऊ काही बोलायच्या आत मीच बोलले. "डोंगराचं मला ठाऊक नाय, काका. पाऊस दोन दिवस थांबला नाय. गुरं सोडा."

काका छत्री मिटून गोठ्यात शिरले आणि आमच्याच म्हशीचं दावं आधी सोडलं.