लॉकरवरचा आणि जमिनीवरचा शब्द

पहाटे पाच चाळीसला एमेट लापॉइंट एका कृष्णवर्णीय मुलाच्या लॉकरवर खरडलेली शिवी घासत होता. साउथ डकोटातल्या या शाळेत तो एकोणीस वर्षं सफाईचं काम करतो.

मुख्याध्यापक लगबगीने आले. "मुलं यायच्या आत पूस रे बाबा. लिहिणाऱ्याला आजच शाळेतून काढतो."

"बरोबर आहे, सर. आणि बास्केटबॉलच्या हॉलमधल्या जमिनीवरचा शब्द?"

तिथे शाळेच्या संघाचं नाव रंगवलंय: 'रेडस्किन्स', म्हणजे लाल कातडीवाले. गावात एमेटच्या लाकोटा लोकांना, इथल्या मूळ रहिवाशांना, हिणवायचा हाच शब्द. तो छातीवर मिरवायचा नाही म्हणून त्याची नात रोझलिन हिने काल संघ सोडला. चेंडू तिचा जीव की प्राण.

"अरे, तो तर तुमचा मान! ऐंशी वर्षांची परंपरा आहे."

"मला त्या नावाने मानाने कुणी हाक मारली नाही, सर. माझ्या नातीला खेळायचंय. नुसता शर्ट बदलून द्या."

"एका पोरीसाठी?" मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. "शिवी वेगळी, एमेट, नाव वेगळं."

एमेटने फडका पिळला आणि उरलेली दोन अक्षरं पुसली.

उद्या शुक्रवार, सामन्याचा दिवस. सकाळी सहाला एमेट हॉलची जमीन पुसेल आणि नेहमीप्रमाणे संघाच्या नावाला पॉलिशचे दोन हात देईल.