चतुराबाईची नजर

हुप्प्याकडे पाहून मी हसलो, एवढंच माझ्या हातून घडलं. हसलो तेही चारचौघांत हसावं तसा, दात दाखवून आणि डोळ्यांत डोळे घालून. शाळेवर रुजू होऊन आठवडा झाला होता, नव्या गावात ओळखी वाढवाव्यात एवढंच माझं साधं धोरण. आणि त्या सकाळी उत्तमराव पाटलांच्या हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओळख करून घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. बाभळीवरून तो वानरांचा म्होरक्या उतरला, चार ढांगांत माझ्यापुढे आला आणि त्यानेही दात दाखवले. त्याचे लांब होते. मी मागे सरकलो तो थेट बोरकाट्यांच्या कुंपणात बसलो. कुंपण मोडलं, धोतर अडकलं, आणि मोडलेल्या जागेतून त्याचं सगळं खटलं, बायका, लेकरंबाळं, माझ्या अंगावरून हरभऱ्यात शिरलं.

"हालू नका, मास्तर! अन् त्याच्या डोयात पाहू नका!"

वावराच्या मधून एक बाई येत होती. उंच, काळी, रापलेली, हातात गोफण. मला वाटलं, आता धावून येईल. ती जागीच थांबली आणि लिंबाच्या शेंड्याकडे टक लावून पाहू लागली. जणू वरून विमानच उतरत होतं. हुप्प्याने तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून शेंड्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेंड्यावर काही नव्हतं. तेवढ्यात गोटा हुप्प्याच्या कानाजवळून सूं करत गेला आणि सगळं खटलं आल्या वाटेने, पुन्हा माझ्या अंगावरून, पसार झालं.

"तुमी काहून वर पायलं?" धोतर काट्यातून सोडवताना तिने विचारलं. "मी त्याच्यासाठी पाहून रायली होती."

ही चतुराबाई. भातकुलीकडच्या त्या गावात पाटलाच्या वावराची राखण वर्षानुवर्षं तिच्याकडे होती; आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर एकटीकडे. मी त्याच दिवशी पाटलाच्या ओट्यावर जाऊन हरभऱ्याची नासधूस माझ्यामुळे झाली हे सांगितलं. उत्तमराव पोट धरून हसले. "मास्तर, हुप्प्यासंग सोयरीक जुळवून रायले होते का?" म्हणाले, चहा पाजला, विषय संपला. माणूस दिलदार. फक्त सगळ्या गप्पांत चतुराबाईचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही, हे घरी गेल्यावर माझ्या ध्यानात आलं.

पुढे रविवारी मी वावरात जाऊन बसू लागलो. चतुराबाई मला चुलीवर भाजलेला हरभरा द्यायची आणि शिव्याही द्यायची. तिच्या हिशेबी जग दोनच भागांत वाटलेलं होतं: पाहणारे आणि ज्यांच्याकडे पाहिलं जातं ते. ज्वारीवर भोरड्यांचा थवा उतरला की ती दाखवायची, मधल्या खाताहेत आणि कडेच्या माना वर करून बसल्या आहेत. "कडेच्या भोरडीनं मले पायलं का साऱ्याइले पता लागते." बुजगावण्याचं तोंड ती रोज दुसरीकडे फिरवायची; नाहीतर भोरड्या चार दिवसांत त्याच्या डोक्यावर बसून कणसं सोलतात. वानराचं पोर नवी शेंग तोंडात घालण्याआधी मायच्या तोंडाकडे पाहतं, हेही तिनेच दाखवलं. "अन् तुमच्या शाळेतले?" तिने विचारलं. "माझ्या तोंडाकडे पाहतात," मी म्हणालो. "मंग उपाशी रायतीन," ती म्हणाली.

मी गावात येण्याआधीच्या दसऱ्याला ती गावच्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन आली होती, बौद्ध होऊन. परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव तिने नदीत सोडले, दीक्षेचं पांढरं लुगडं पेटीत जपून ठेवलं, आणि वाकून जोहार घालणं बंद केलं. जोहार गेल्यावर मान आपोआप वर आली, असं ती म्हणायची. वर आली तेव्हा कळलं, की पाटलाच्या कपाळावर जुना वण आहे. इतक्या वर्षांत तो तिला दिसला नव्हता.

एक गोष्ट मात्र बाकी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर सालाची कामं ठरत. ज्याला काम, त्याच्या हातावर पाटील स्वतः सुपारी ठेवत. चतुराबाईला मात्र ओट्याखाली उभं राहून, नजर जमिनीला लावून पदर पसरावा लागे. सुपारी वरून पडे. सुपारी पडली म्हणजे वर्षभराची ज्वारी आणि कडबा आला. नाही पडली, तर कुठेतरी निंदणीला, सापडेल त्याच्या वावरात.

"यंदा पदर नाई पसरत," ती एका रविवारी गोफण विणता विणता म्हणाली. "हात करीन. अन् त्याच्याकडं पाहीन."

"चिडले तर?"

"चिडू द्या ना! वांदराकडं पायलं तं थे अंगावर येते, नाई तं मान फिरवून पयते. पाखराकडं पायलं तं थे उडते. काई ना काई करतेच. मालक चिडला तं चिडला, शिव्या देईन. पन थो मले पाहीन तं खरं!"

मला ते अगदी पटलं. शास्त्रशुद्ध वाटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर होतो. मास्तर म्हणून मला लोडाशी जागा आणि हातात चहाचा कप. अंगणात बैलांच्या शिंगांचा रंग अजून ताजा होता. उत्तमराव मजेत होते. एकेकाला हाक मारून, टोमणा मारून ते हातावर सुपारी ठेवत. "देवमन, यंदा बैलाच्या आधी तूच झोपू नको!" सगळे हसत.

चतुराबाई पेटीतलं पांढरं लुगडं नेसून आली. ओट्यापुढे, नेहमीच्याच जागी उभी राहिली. पदर पसरला नाही. उजवा हात पुढे केला आणि मान वर करून सरळ उत्तमरावांकडे पाहिलं.

उत्तमरावांची नजर तिच्या आधीच्या माणसावरून निघाली आणि तिच्या नंतरच्या माणसावर जाऊन बसली. मध्ये कुठे अडखळली नाही. कपाळाला आठी नाही, आवाजात फरक नाही. हुप्प्याने निदान दात दाखवले होते.

"जानराव, वावराची राखन यंदा तुयाकडं," ते म्हणाले, आणि तिच्या पुढे केलेल्या हातावरूनच जानरावच्या हातावर सुपारी ठेवली. बिचारा जानराव सुपारी घेऊन उभा, कुठे पाहावं ते त्याला कळेना. शेवटी उत्तमराव जिकडे पाहत होते तिकडे तोही पाहू लागला. मग अंगणातल्या सगळ्याच माना तिकडे वळल्या. तिकडे गोठ्याची भिंत होती.

"रायलं का कोनी?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाई, मालक," कारभारी म्हणाला. तो चतुराबाईपासून हातभर अंतरावर होता.

मी म्हणालो, "उत्तमराव, चतुराबाई उभ्या आहेत."

उत्तमराव माझ्याकडे वळले. किती प्रेमाने वळले! "मास्तर," ते म्हणाले, "च्या निवून रायला तुमचा."

सुपाऱ्यांचं ताट आत गेलं. माणसं पांगली. तिचा हात अजून पुढेच होता. मग तिने मूठ मिटली, जणू हातावर काही पडलंच होतं, आणि ती वळून चालू लागली.

मी शाळेच्या वळणावर तिला गाठलं. ती भराभर चालत होती, मी धापा टाकत बरोबरीने. सांत्वन करायला निघालेल्या माणसाच्या तोंडून जे पहिलं निघतं ते बहुधा खोटं असतं, आणि माझ्याही निघालं.

"चतुराबाई, सणाची गडबड, एवढी माणसं... त्यांचं ध्यान नसेल हो."

ती थांबली. माझ्याकडे सरळ पाहिलं.

"ध्यान होतं, मास्तर, म्हनूनच पायलं नाई."