डाव्या रेषेवरचा नेस्तोर

नेस्तोरला जाऊन आता दीडेक महिना होईल. मोनिकाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. हातमोजा काढून फोन कानाला लावला. ती म्हणाली, "वैशाली, ही इज रेस्टिंग नाऊ." मी "बरं" म्हटलं. मराठीतच म्हटलं गेलं, पण तिला कळलं असावं. फोन खिशात टाकला आणि उरलेली काच साफ केली, कारण ती अर्धवट ठेवून मी जाणार तरी कुठे... घरी आले, पोळ्या लाटल्या, दुसऱ्या दिवशीची भाजी चिरून ठेवली. रडू आलं नाही. गेलं वर्षभर आम्ही सगळेच इतके थकलो होतो की रडायलाही अंगात थोडं बळ लागतं हे त्या संध्याकाळी कळलं.

नेस्तोरचं नाव तुम्ही ऐकलेलं असण्याचं काही कारण नाही. त्याच्या स्वतःच्या देशातसुद्धा ते फारसं कुणाला आठवत नसेल. तो अर्जेंटिनाचा व्यावसायिक फुटबॉलपटू होता, डावा विंगर. रेल्वेच्या कारखान्यामुळे वसलेल्या एका धुळकट गावात जन्मला, मिसरूड फुटायच्या आत राजधानीतल्या क्लबनं त्याला उचललं आणि ऐन विशीत तो पहिल्या श्रेणीत खेळला. प्रेक्षक स्टँडवरून कागदाचे कपटे उधळायचे, ते घामानं मानेला चिकटायचे आणि मॅच संपल्यावर आंघोळीच्या वेळी नखांनी काढावे लागायचे, असं तो सांगायचा. मग गुडघा गेला. गुडघा परत आला, पण पहिली श्रेणी काही परत आली नाही. पुढे दुसरी श्रेणी, नंतर बोलिव्हिया, तिथून इक्वेडोर, तिथून ग्वाटेमाला. दरवेळी मैदान थोडं लहान आणि करार थोडा आखूड. मोनिका दरवेळी सामान बांधायची आणि दरवेळी काहीतरी मागे राहायचं. शेवटी टोरोंटोच्या जवळच्या एका छोट्या क्लबकडून बोलावणं आलं. "एकच सीझन," त्यानं मोनिकाला सांगितलं. ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली.

त्याच सुमारास मीही नागपूरहून कॅनडात, टोरोंटोशेजारच्या मिसिसागात येऊन पडले होते. माझ्या नवऱ्याला, संजयला, टोरोंटोच्या एका बँकेत सॉफ्टवेअरची नोकरी होती. माझी फिजिओथेरपीची पदवी मात्र इथली परीक्षा पास होईपर्यंत नुसती भिंतीवर लावण्याजोगी होती. घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा त्या क्लबमध्ये मदतनीस म्हणून लागले. काम काय, तर घोट्यांना टेप बांधायची, मांड्या चोळायच्या आणि बर्फाच्या पिशव्या भरायच्या. संजय म्हणायचा, "अगं, बाहेर एवढा बर्फ शोव्हल करून पोट भरत नाही का, आणखी पिशव्यांत भरतेस ते?"

नेस्तोरशी ओळख झाली ती त्याच्या डाव्या घोट्यापासून. टेप करताना खेळाडू सहसा बोलत नाहीत, कानात काहीतरी घालून बसतात. हा बोलायचा. इंग्रजी तोडकंमोडकं, माझं जरा बरं, पण अडलं की हात होतेच. सगळा क्लब मला 'व्ही' म्हणायचा, हा एकटा 'शाली' म्हणायचा, आणि त्यातला 'श' अगदी स्वच्छ. विंगर म्हणजे काय ते त्यानंच मला शिकवलं. "बाकीचे दहा जण फुटबॉल खेळतात, विंगर वाट बघतो," तो म्हणायचा. मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेषेला चिकटून उभं राहायचं. बॉल येत नाही, येत नाही, आणि येतो तेव्हा समोर बॅक, म्हणजे वाट अडवणारा बचावपटू, आणि कानापाशी प्रेक्षक. त्याच्या देशात त्या रेषेपलीकडची माणसं त्याच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करायची. इथे एखादा गृहस्थ कॉफीचा कप हातात धरून म्हणायचा, "गुड ट्राय, नंबर इलेव्हन." याचा त्याला फार त्रास व्हायचा. एकदा हाफटाइमला आत येऊन तो चिडून म्हणाला, "शाली, मी इतका वाईट खेळतोय, कुणी एक शिवी देऊ नये?"

त्याच्या बॅगेत बुटांच्या शेजारी एक थर्मास आणि एक वाळलेली तुंबी असायची. आपल्याकडच्या लहान भोपळ्यासारखी, पोकळ केलेली, मुठीत मावेल एवढी. तिच्यात कसला तरी हिरवा कडवट पाला भरायचा, वरून गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीनं प्यायचं. या प्रकाराला ते 'माते' म्हणतात. पहिल्या दिवशी तुंबी पुढे करून तो "माते, माते" म्हणाला तेव्हा मला वाटलं की हा माझ्या पाया पडतोय की काय. ओतणारा एकच असतो. आधी तो स्वतः पितो, मग भरून एकाला देतो, त्यानं संपवून परत केली की पुन्हा भरून दुसऱ्याला. तीच तुंबी, तीच नळी, सगळ्यांच्या तोंडची. माझी आई असती तर 'उष्टं' म्हणून किंचाळली असती. मी मात्र घेतली. चव कडूजहर होती. तरी संपवली, परत दिली आणि इथं येऊन नव्यानं लागलेल्या सवयीप्रमाणे हसून "थँक यू" म्हटलं.

त्यानंतर त्यानं मला तुंबी दिलीच नाही. ती ड्रेसिंग रूमच्या बाहेरच्या बाकावर फिरायची, गोलकीपरकडे जायची, पोर्तुगीज कोचकडे जायची, माझ्यापाशी आली की मला ओलांडून पुढे. हे आठवडेच्या आठवडे चाललं. मी मनातून जळत होते. माझ्या आजोबांना त्यांच्या गावात पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत ओतलेलं. भांडं हाती द्यायचे नाहीत. ती ओंजळ आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही. आजोबा नागपूरला आले, बाबासाहेबांच्या मागे गेले, मुलं शिकली, नात समुद्रापार आली आणि इथे एका बाकावर एक भांडं पुन्हा तिला ओलांडून जातंय. त्या बिचाऱ्याला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं हे मला कळत होतं. पण लागायचं ते लागतंच.

एकदा ऑटवा शहराकडे मॅचसाठी बसनं निघालो होतो. बाहेर ओला बर्फ पडत होता, हीटर धड चालत नव्हता, सगळे काकडलेले. तुंबी मागच्या सीटपासून निघाली आणि माझ्या नाकासमोरून पलीकडे गेली. त्या दिवशी माझा तोल सुटला. मी उठून त्याच्या सीटपाशी गेले आणि विचारलं, "नेस्तोर, व्हॉट इज राँग विथ मी? सगळ्यांना देतोस, मला का नाही?" तो गोंधळला. मग म्हणाला, "बट शाली... यू सेड थँक यू."

त्यांच्याकडे तुंबी परत करताना काही म्हणायचंच नसतं. गप्प राहिलं की पुढच्या फेरीत पुन्हा मिळते. 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हटलं की त्याचा अर्थ, झालं, आता मला नको. मी पहिल्याच घोटाला धन्यवाद देऊन मोकळी झाले होते. "मला वाटलं तुला आवडलं नाही आणि तू कॅनेडियन लोकांसारखी पोलाइट आहेस," तो म्हणाला. पोलाइट! आमच्या घरी पाण्याचा तांब्या दिला म्हणून आईला कुणी थँक यू म्हटलं असतं, तर तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. इथं आल्यावर बसच्या ड्रायव्हरला म्हण, दार धरणाऱ्याला म्हण, असं करत मी ते शिकले आणि नेमकं नको तिथे वापरलं. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. तिथंच उभ्या उभ्या मी त्याला आजोबांची ओंजळ सांगितली, जमेल तशा इंग्रजीत. तो हसला नाही. तुंबी परत मागवली, पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. तेव्हापासून त्याच्यानंतरची पहिली तुंबी माझी.

एका सीझनचे चार झाले. विंगरचं म्हातारपण बाकीच्यांच्या आधी येतं, कारण त्याच्याजवळ वेग असतो आणि पहिला जातो तो वेगच. मांडीच्या मागचा स्नायू वर्षातून दोनदोनदा फाटायला लागला. कोचनं त्याला मागे, बॅकच्या जागी खेळायला सांगितलं, तर हा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. टेप करताना मी स्पष्ट सांगायचे, "नेस्तोर, पुरे आता. हा पाय तुला म्हातारपणी लागणार आहे." तो पाय हलवून बघायचा आणि म्हणायचा, "वन मोर, शाली." मोनिका ऑफिसांची साफसफाई करून थेट मैदानावर यायची, जॅकेटची टोपी ओढून स्टँडमध्ये बसायची. ती एकदा मला म्हणाली, "या माणसाला फुटबॉलला ग्रासियास म्हणता येत नाही." त्यात राग नव्हता. दमलेली होती ती.

त्याची शेवटची मॅच मला चांगली आठवते, कारण ती शेवटची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पावसाळी दुपार, एका हायस्कूलचं मैदान, थोडेसे प्रेक्षक. माझ्या छोट्या मुलीनं, सईनंही कंटाळून विचारलं होतं, "आई, कॅन वी गो होम? ही इज सो ओल्ड." आणि तेवढ्यात त्याला रेषेपाशी बॉल मिळाला. तो थांबला. पूर्ण थांबला. समोरचा तरणाबांड बॅकही थांबला. नेस्तोरनं फक्त खांदा एका बाजूला टाकला आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेला. वेग कुठेच नव्हता, तरी तो बॅक जागच्या जागी राहिला. मग क्रॉस, कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल. इतका सुंदर क्रॉस, की अख्ख्या गोलपोस्टसमोरून तो सरकत गेला... आणि तिथे आपलं कुणीच नव्हतं. बॉल पलीकडच्या रेषेबाहेर गेला. कडेला कॉफीचा कप धरून उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "गुड ट्राय." त्याच हिवाळ्यात क्लब बंद पडला. ना निरोप, ना भाषण.

नंतर तो विमानतळाजवळच्या एका गोदामात कामाला लागला आणि रविवारी एका डोममध्ये, म्हणजे थंडीतही खेळता यावं म्हणून वरून झाकलेल्या मैदानावर, चाळिशीपुढच्यांच्या लीगमध्ये डाव्या रेषेवर उभा राहायला लागला. मी परीक्षा पास होऊन क्लिनिकमध्ये लागले होते. रविवारी डोमहून परतताना तो आणि मोनिका थर्मास घेऊन आमच्या काँडोत, म्हणजे फ्लॅटवर यायचे. त्याचा पाय माझ्या मांडीवर, तुंबी संजयच्या हातात. संजयला तो कडू पाला इतका आवडायला लागला की तो नेस्तोरला म्हणायचा, "मी तुला कधीच थँक यू म्हणणार नाही, लक्षात ठेव." अशी काही वर्षं बरी गेली.

मग पोटाचं दुखणं निघालं. पहिली ट्रीटमेंट झाली, दुसरी झाली. तो वाळत गेला, मोनिका त्याच्याबरोबर वाळत गेली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की अजून एक औषध देऊन बघता येईल, त्यानं थोडे दिवस वाढतील कदाचित, त्रास मात्र होईल. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तो हो म्हणेना, नाहीही म्हणेना. मोनिकानं मला फोन केला. "तू सांग त्याला. तुझं ऐकतो. जस्ट वन मोर, वैशाली, प्लीज."

मी गेले. ते राहायचे त्या बेसमेंटला वरच्या बाजूला एक अरुंद खिडकी होती आणि ती बर्फानं अर्धी भरली होती. तो उशांना टेकून बसला होता. मी सगळं पाठ करून गेले होते, घोट्याच्या टेपसारखं नीट गुंडाळून. "नेस्तोर, एकदा घेऊन बघ. वन मोर," मी म्हटलं. तो हसला. "इतकी वर्षं मी म्हणत होतो, आता तू म्हणतेस?"  मग त्यानं थर्मासकडे बोट दाखवलं. "आज तू ओत." इतक्या वर्षांत त्यानं ते कुणालाच करू दिलं नव्हतं. पाणी जास्त गरम होतं, पाला पोळला. रीतीप्रमाणे पहिली मी प्याले. मग पुन्हा भरून त्याला दिली. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, अजून एक घेतला. मग तुंबी दोन्ही हातांनी माझ्याकडे परत केली आणि हळूच म्हणाला, "ग्रासियास."

मोनिका दारात उभी होती, धुतलेल्या चादरी छातीशी धरून. तिनंही ऐकलं. मला वाटलं ती ओरडेल, माझ्यावर तरी. पण ती चादरी तशाच घेऊन पायरीवर बसली. बऱ्याच वेळानं उठली, माझ्या हातातली तुंबी घेतली, नळाखाली धुतली आणि पालथी घालून ठेवली. त्यानंतर घरात औषधाचा विषय कुणी काढला नाही. पुढचे काही आठवडे तो घरीच होता. मोनिका सांगते, शेवटी शेवटी शांत झोपायचा.

तुंबी आता माझ्याकडे आहे. मोनिकानं दिली, तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणाली. ती वापरात राहिली नाही तर तिला बुरशी धरते, म्हणून दर रविवारी मी माते करते. कडेला नळी टेकून टेकून पडलेली एक खाच आहे. परवाच्या रविवारी मोनिका आली, नेस्तोर गेल्यानंतर पहिल्यांदाच. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसलो. मी ओतत होते, ती पीत होती, परत देत होती.  एकदा ती म्हणाली, "पाणी अजून जास्तच गरम करतेस." मी "हो" म्हटलं. बाहेर अंधारून आलं, संजयनं येऊन दिवा लावला. पाल्याची चव केव्हाच उतरली होती, नुसतं कोमट पाणी राहिलं होतं. तरी ती दरवेळी तुंबी परत द्यायची ती गप्प राहूनच. थर्मास रिकामा झाला. मी उठले आणि पुन्हा पाणी तापत ठेवलं.