मंगळवारी भाजलेला ओंडका

मंगळवार, २४ डिसेंबर २०२४. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी स्वयंपाकघरात शिरलो आणि यंदाचा केक मी करणार असल्याचे पत्नीला सांगितले. तिने चहाचा कप डाव्या हाताने खाली ठेवला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"कोण करणार?"

"मी."

"अहो, तुम्हाला अंडं उकडता येत नाही."

"केकमध्ये अंडी उकडत नाहीत, एवढे मला ठाऊक आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहून घेतले. मग म्हणाली, "मला बसायला खुर्ची आणा. आणि तो स्वेटर काढा, बाह्या भांड्यात जातील."

कारण सांगणे आवश्यक आहे. दिवाळीनंतर ती धुतलेल्या गॅलरीत घसरली आणि मनगट मोडले. हाड व्यवस्थित जुळत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. परंतु इस्पितळाखेरीज ती घराबाहेर पडेना. खाली बागेतही जाईना. कोणी भेटायला आले की हात शालीखाली जाई. दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी नाताळच्या दुपारी एकत्र जमतात. गाणी होतात, मग खाणे होते. टेबलाच्या मध्यभागी दरवर्षी हिचा केक असतो. सोमवारी त्यांच्यातल्या एका बाईंचा फोन आला. मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. पत्नीचे उत्तर स्पष्ट ऐकू आले.

"नाही हो, या वर्षी केक नाही, म्हणून मीपण नाही. रिकाम्या हाताने मी तिथे कधी आले नाही."

ते उत्तर मला पटले नाही. घरी राहण्याची सवय किती सहज लागते, हे निवृत्तीनंतर मी स्वतः पाहिले आहे. एका वर्षी गेले नाही, तर पुढच्या वर्षी न जाणे अधिक सोपे होते. तिने जावे असे मला वाटत होते. तसे सांगितले असते, तर तिने वाद घातला असता आणि जिंकला असता. म्हणून केक करायचे ठरवले.

ती नगरच्या ख्रिस्ती घरातली, मी वाईचा. देवाबाबत आमचे एकमत नाही आणि त्यावाचून काही अडलेलेही नाही. नाताळच्या केकची विभागणी मात्र प्रथमपासून ठरलेली आहे. ती करते, मी वाहून नेतो.

हा केक नगरचा नव्हे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असताना आमच्या वरच्या मजल्यावर पाँडिचेरीच्या एक बाई होत्या. त्यांच्या माहेरी नाताळला फ्रेंच पद्धतीचा केक होई. चॉकलेटचा पातळ केक भाजायचा, त्यावर क्रीम पसरायचे, त्याची गुंडाळी करायची आणि वरून चॉकलेट लावून त्याला झाडाच्या ओंडक्याचे रूप द्यायचे. त्या बाईंनी तो हिला शिकवला आणि बदल्यात पुरणपोळी शिकून घेतली. फ्रेंच नाव आमच्या तोंडी कधी बसले नाही. घरी त्याला ओंडकाच म्हणतात.

कामाला प्रारंभ झाला. ती खुर्चीवर, मी ओट्यापाशी. बाहेर धुके इतके की समोरची इमारत दिसत नव्हती. अंडी थंड होती. ती कोमट पाण्यात ठेवायला लावली. लोणी दगडासारखे होते. ते हीटरसमोर ठेवायला लावले. गीझर चालू असताना ओव्हन लावला की घरातली वीज जाते, हे तिने मला वीज गेल्यावर सांगितले.

"आधी का नाही सांगितलेस?"

"इतकी वर्षं या घरात राहताय. मला वाटलं, माहीत असेल."

अंड्यातला पांढरा भाग वेगळा करून फेटायचा होता. पिवळ्याचा थेंबही त्यात जाता कामा नये. दोन अंडी नीट फुटली, तिसरे माझ्या मुठीत फुटले. तिने छताकडे पाहिले. फेटण्याचे यंत्र आवाज फार करते, परंतु काम चोख करते. पांढऱ्याचा फेस झाला, फेसाला ताठ टोके आली.

"झाले," मी म्हणालो.

"भांडं उपडं करा."

"सांडेल."

"झालं असेल तर नाही सांडणार. डोक्यावर धरा, म्हणजे खात्री पटेल."

मी केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात आरेखक होतो. नकाशा तपासल्याशिवाय त्यावर सही केली नाही. मी भांडे डोक्यावर उपडे धरले. फेस जागचा हलला नाही. ती हसली. त्या महिन्यात तिचे हसणे मी प्रथमच ऐकले.

मैदा आणि कोको चाळून हलक्या हाताने मिसळले. कागद घातलेल्या ट्रेमध्ये मिश्रण पसरले. ते मी चांगले पसरले. चारही कोपऱ्यांत जाडी सारखी होती. तिने वाकून पाहिले आणि मान हलवली. केक भाजला गेला तेव्हा घरभर वास पसरला. तोपर्यंत सर्व यथास्थित होते.

या केकची खरी परीक्षा पुढे असते. तो गरम असतानाच पिठीसाखर भुरभुरलेल्या स्वच्छ पंच्यावर उपडा करायचा, कागद सोलून काढायचा आणि पंच्यासकट गुंडाळून ठेवायचा. थंड झाला की गुंडाळी उलगडून क्रीम भरायचे. गरम असताना वळण लागले नाही, तर नंतर ते लागत नाही, मोडते.

"गुंडाळा आता," ती म्हणाली. "पटकन. गार होतोय."

मी गुंडाळला. लहानपणी घरी अळूवड्या होत तेव्हा पानांची वळकटी वळून दोऱ्याने बांधणे हे माझे काम असे. आई म्हणे, घट्ट वळ, नाहीतर उकडताना सुटेल. हातांना तेच ठाऊक होते. प्रत्येक वळणाला दाबले, अंगठ्यांनी आत ओढले, पुन्हा दाबले.

"अहो! अहो, अळूवडी नाहीये ती!"

तोवर केक मोडला होता. उलगडून पाहिला तर पंच्यावर चार पट्ट्या पडलेल्या. मधल्या दोन तर पुरत्या चुरडल्या होत्या.

मला तिचा चेहरा पाहायचा नव्हता, परंतु पाहिला. ती रागावलेली नव्हती. ते अधिक वाईट होते. ती उठू लागली.

"जाऊ द्या. प्रयत्न केलात. मी त्यांना सांगितलंच आहे."

"बस," मी म्हणालो. "दुसरा करू."

"अंडी कुठेत? होती ती संपली."

"आणतो. घट्ट नको तर कसे, ते सांग."

ती विचारात पडली. इतकी वर्षे तिचे हात ते करत आले होते. सांगण्याची वेळ कधी आली नव्हती. डावा हात हवेत फिरवून पाहिला, ते जमले नाही. अखेर म्हणाली, "झोपलेल्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, तसं. नीट, पण जागं न करता."

ते काम माझ्या वाट्याला कधी आले नव्हते. तिने टॉवेल मागवला, आतमध्ये कालचे वर्तमानपत्र घालायला लावले आणि मला सराव करायला बसवले. पहिल्या खेपेस म्हणाली, बाळ गुदमरले. दुसऱ्या खेपेस म्हणाली, बाळ पडले. त्याच वेळी दार वाजले.

समोरच्या घरातली पंजाबी सूनबाई होती. वास त्यांच्या घरात गेला होता.

"आंटीजी, आपने केक बनाया? हाथ की ऐसी हालत में?" एवढ्यात तिची दृष्टी माझ्याकडे गेली. मी टॉवेलमध्ये वर्तमानपत्र गुंडाळत होतो. "अंकलजी... आप ये क्या कर रहे हैं?"

"अभ्यास," मी म्हणालो.

पत्नी इतकी हसली की तिला प्लास्टरचा हात सावरून धरावा लागला. मग तिने सर्व प्रकार सांगितला, थोडा वाढवून. मी अंड्यांची विचारणा केली. सूनबाई अडचणीत पडली.

"अंडे तो हैं, अंकलजी, पर आज मंगल है."

दिल्लीत इतकी वर्षे काढून मी हे विसरलो होतो. इथल्या कित्येक घरांत मंगळवारी अंड्याला हात लावत नाहीत. आमच्या बाजारातला अंडीवालाही मंगळवारी बसत नाही. मी ठीक आहे म्हणून कोट शोधू लागलो. बाजारापलीकडे एखादे दुकान उघडे मिळाले असते.

"इतने कोहरे में कहाँ जाएँगे?" ती म्हणाली. "एक काम कीजिए. फ्रिज मैं खोल देती हूँ, निकाल आप लीजिए. मैंने तो हाथ नहीं लगाया ना."

या युक्तिवादात मला दोष आढळला नाही. मी त्यांच्या घरी गेलो. तिने फ्रिज उघडला आणि मान दुसरीकडे वळवून उभी राहिली. मी अंडी काढून खिशांत ठेवली. तिच्या सासूबाई आतून विचारत होत्या, कौन है. सूनबाई म्हणाली, कोई नहीं मम्मीजी, अंकलजी हैं. मोडलेला केक मी त्यांच्या मुलांसाठी डब्यात भरून दिला. तिने तोही हातात घेतला नाही. बाहेरच्या स्टुलावर ठेवायला सांगितला. बुधवारी सकाळी उचलणार होती.

दुसरा केक करताना बोलणे कमी झाले. अंडी मुठीत फुटली नाहीत. गीझर मी आधीच बंद केला. भांडे न सांगता उपडे करून पाहिले. केक बाहेर आला तेव्हा ती खुर्ची सोडून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी पंच्याची कड उचलली.

"सोडा थोडा. ओढू नका. तो आपोआप येतो, तुम्ही फक्त बरोबर राहा."

मी बरोबर राहिलो. केक वळला. कुठेही तडा गेला नाही. तिने रोखून धरलेला श्वास सोडला, तेव्हा मला कळले की मीही तो रोखला होता.

थंड झाल्यावर गुंडाळी उलगडली, क्रीम पसरले, पुन्हा वळली, या वेळी पंच्याविना. चॉकलेट वितळवून त्यात लोणी घोटले आणि सुरीने वरून लावले. शेवटी काट्याने सालीच्या रेघा ओढायच्या होत्या. हे माझ्या हातचे काम होते. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर रेघा ओढल्या. अंतर सर्वत्र सारखे. मला त्या उत्तम वाटल्या.

"हे काय?" ती म्हणाली. "हा ओंडका आहे की दुरेघी वही? झाड असं वाढतं का कुठे?"

"मग कसे वाढते?"

"द्या इकडे."

तिने काटा डाव्या हातात घेतला. पडल्यापासून तिने स्वयंपाकघरातली वस्तू अशी मागून घेतली नव्हती. डाव्या हाताला सवय नव्हती. काटा भरकटे, थांबे, पुन्हा चाले. रेघा वाकड्या आल्या, कुठे खोल, कुठे उथळ. एका ठिकाणी काटा घसरला, तिथे गाठ झाली. माझ्या समांतर रेघा हळूहळू नाहीशा झाल्या आणि ट्रेवर एक खरी फांदी तोडून ठेवावी तसे दिसू लागले. मी ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिलो.

पिठीसाखर चाळणीतून भुरभुरून झाल्यावर ती मागे सरकून पाहत राहिली.

"दरवर्षीपेक्षा बरा झालाय," ती म्हणाली. तिच्या स्वरात किंचित तक्रार होती.

"उद्या मी नेऊन देईन," मी म्हणालो.

"आणि कोणी केला म्हणून सांगाल?"

"विचारले तर सांगेन, मी केला."

"रेघा?"

"रेघा तू."

"आणि घट्ट गुंडाळून मोडलेला पहिला? मंगळवारची अंडी? डोक्यावर भांडं? ते सांगाल?"

"त्याची आवश्यकता नाही."

"बघा. अर्धीच गोष्ट सांगणार तुम्ही. तेही चेहरा असा करून." तिने माझा चेहरा करून दाखवला. "छे, मला यायलाच पाहिजे."

मी टॅक्सी किती वाजता सांगू, एवढेच विचारले. ती म्हणाली, दुपारी दोन, आणि पुढे बसायचे नाही, केक मांडीवर घेऊन मागे बसायचे. मी होकार दिला.

संध्याकाळी तिने कपाटातून निळी रेशमी साडी काढायला लावली. साडी ठीक होती. ब्लाउजची बाही प्लास्टरवरून चढेना. तिने दोनदा प्रयत्न केला, मग पलंगावर बसली आणि दुसरा काही निघतो का पाहू लागली. त्या साडीवर दुसरा जुळत नव्हता. मी तिच्या शिवणाच्या डब्यातली लहान कात्री घेतली, चष्मा पुसला, ब्लाउज दिव्याखाली धरला आणि उजव्या बाहीची शिवण खांद्याच्या चार बोटे खालपर्यंत एकेक टाका उचलून उसवली. कापडाला इजा होऊ दिली नाही. उसवलेल्या कडा आत दुमडून पिना लावल्या, जेणेकरून उद्या बाही प्लास्टरवरून चढवली की बंद करता येईल. ब्लाउज हँगरला लावून साडीशेजारी अडकवला.