खंडेरावांच्या बंदुकीची रंगीत तालीम

आमच्या नाटक मंडळीत खंडेराव कधी रंगमंचावर आले नाहीत, पण त्यांच्यावाचून एकही खलनायक मेला नाही. विंगेत सुतळी बॉम्ब उडवणं हे त्यांचं काम. समोर नट लाकडी बंदूक रोखायचा, मागे खंडेराव वात पेटवायचे, आणि प्रेक्षकांना वाटायचं गोळी सुटली. म्हणजे वाटायला हवं होतं. त्यांचा बार वेळेवर कधी झालाच नाही. मनमाडच्या प्रयोगात मी गोळी लागून पडले, नायकाने माझं डोकं मांडीवर घेतलं, त्याचं पोटभर रडून झालं आणि मग बार झाला. मेलेली मी टुणकन उठून बसले. लोकांनी वन्स मोअर दिला.

हे खंडेराव आता नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे आपल्या मळ्यात राहतात. द्राक्षबाग आहे, टोपी अजून तिरकीच घालतात. दर हंगामात द्राक्षांची पहिली पेटी माझ्या फ्लॅटवर येते. गेल्या वर्षी पेटी घेऊन ते स्वतःच आले आणि बूट काढायच्या आधी म्हणाले, "मंगलाताई, आपली ती लाकडी बंदूक हाय का अजून?"

"आहे की, ट्रंकेत. परत नाटक काढताय?"

"नाटक कसलं! घरात लय मोठं चाललंय."

घडलं होतं ते असं. शेजारच्या मळ्यात चोरी झाली. खंडेरावांचा मुलगा योगेश सातपूरला कारखान्यात, त्याची पाळी बदलती. तो नसला की घरात हे, बायको सुमनबाई, सून उज्वला आणि दोन नातवंडं, सार्थक आणि हर्षाली. म्हणून खंडेरावांनी रीतसर अर्ज केला, पोलिसांची चौकशी झाली, बंदूक चालवायचं शिक्षण झालं, परवानाही मिळाला. बंदूक तेवढी घ्यायची राहिली. आणि उज्वलाने सांगितलं, ज्या दिवशी बंदूक घरात, त्या दिवशी मी पोरांना घेऊन सातपूरला खोली बघणार. नुसतं सांगितलं नाही, बॅग भरून पलंगाखाली ठेवली.

आता खंडेरावांचं असं आहे की सकाळी हर्षालीने मिशी ओढल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नाही. ती बॅग त्यांच्या छातीवर ठेवल्यासारखी होती.

"मग लाकडी बंदूक कशाला?" मी विचारलं.

"सूनबाई म्हणते, आधी खोटी आणा. पोरांना सापडली नाय, तर खरी आणा."

रंगीत तालीमच ती! मला कोण थांबवणार? बंदूक बासनात गुंडाळून मी त्यांच्याच गाडीत बसले.

मळ्यात पोचले तर ओट्यावर सभा भरलेली. विषय होता, घ्यायची कोणती. खंडेरावांच्या मनात रिव्हॉल्व्हर.

"कमरेला बरं दिसतं," ते म्हणाले.

"लग्नात मिरवायला ना?" सुमनबाई सुपातले दाणे पाखडता पाखडता म्हणाल्या. "जत्रंत फुगे फोडायला गेलते, तर फुगेवाल्यानं मांडव सोडून पळ काढला. हे म्हणं रिवालवर चालवणार."

उज्वला सहकारी बँकेत आहे, तिचा आवाज काउंटरवरचाच, ना वर ना खाली. "आप्पा, रिव्हॉल्व्हर सार्थकच्या दप्तरात मावतं. उशीखाली मावतं, आणि उशीखाली ठेवलेलं हर्षालीच्या हाताला येतं. घ्यायचीच तर दुनळी घ्या. लांब आहे, जड आहे, उचलली की चार माणसांना दिसते. आणि मधे मोडून उघडली की रिकामी आहे ते कुणालाही बघता येतं."

खंडेराव माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूने बोलेन. मी म्हटलं, "खंडेराव, रंगमंचावरसुद्धा खिशातलं पिस्तूल ऐन वेळी धोतरात अडकतं."

दुनळी ठरली. सभेचा शेवट खंडेरावांच्या मनासारखा झाला नाही, पण चहा झाला.

मग तालीम. खंडेरावांनी बंदूक दिवाणाच्या पोटात, गोधड्यांच्या खाली लपवली. चहाचे कप विसळून व्हायच्या आत सार्थक ती खांद्यावर टाकून ओट्यावर हजर! ही दोन्ही पोरं म्हणजे दिवाळीच्या फराळाच्या डब्यांवर तयार झालेली. आजीने लाडू कुठेही ठेवावेत, ह्यांना वास लागणारच. घरात लपवायच्या जागा आजोबांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

"काडतुसं तरी शोधून दाखवा," खंडेराव चिडून म्हणाले.

काडतुसं म्हणून सुमनबाईंनी मूठभर हळकुंडं दिली होती. ती खंडेरावांनी एकट्याने लपवली आणि कुणालाही, बायकोलासुद्धा सांगितलं नाही. मी मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशीही पोरांना हळकुंडं सापडली नाहीत. खंडेरावांच्या मिशीला पीळ चढला. दुपारी जेवायला बसलो तर ताटात पोळ्या पिवळ्याधमक.

"हे काय हो आई, पुरणाच्या आहेत का?" उज्वलाने घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

खंडेराव ताटाकडे बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "दळण कुठल्या कोठीतलं काढलं?"

"पुढच्या. का?"

"चाळलं नाय?"

"गहू चाळूनच कोठीत भरलेला. परत कशाला चाळू?"

"तेच्यात काडतुसं होती."

आधी सगळे हसलो. सार्थक तर लोळला. "आजीनं गोळ्यांच्या पोळ्या केल्या!" सुमनबाई पदराला डोळे पुसत होत्या. मग उज्वलाचं हसणं थांबलं आणि तिच्यामागोमाग एकेकाचं थांबलं.

"खरी असती तर ती गिरणीत गेली असती," ती म्हणाली. "आणि डबा घेऊन गिरणीत कोण गेलं होतं? सार्थक."

खंडेरावांनी पिवळी पोळी पुरती संपवली. तेवढी शिक्षा त्यांनी मुकाट घेतली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी लोखंडी कपाट आणलं आणि गवंड्याकडून भिंतीत पक्कं बसवून घेतलं. काडतुसांना वेगळी पेटी, वेगळं कुलूप, वेगळी खोली. मला फोन आला, "ताई, या. आता पोरं हरली समजा." गेले. चाव्या त्यांनी अशा लपवल्या होत्या की देवालासुद्धा सापडू नयेत. पण हर्षाली खुर्ची ओढत भिंतीपाशी गेली, पणजोबांच्या तसबिरीमागे हात घातला आणि दोन्ही चाव्या छुमछुम वाजवत आली.

"तुला गं कुणी सांगितलं?" खंडेराव ओरडलेच.

"तुम्हीच. तुम्ही सारखे सारखे तिकडे बघता."

मी कपाळावर हात मारला. प्रॉम्प्टरकडे बघणारा नट साऱ्या थिएटरला कळतो, तसं हे!

उज्वला उठली. आत गेली, पलंगाखालून बॅग ओढून दारात आणून ठेवली. खंडेराव त्या बॅगेकडे बघत बसले. त्यांच्या हातात परवाना होता. मला वाटलं, आता फाडतात.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुमच्या बँकेत लोकांचं सोनं कुठं लपवता?"

"लपवत नाही आप्पा. सगळ्यांना माहीत असतं लॉकर कुठे आहे ते. एक चावी बँकेची, एक गिऱ्हाइकाची. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही."

"मग माझ्याशी पण तसं कर की."

असं ठरलं. कपाटाची चावी खंडेरावांच्या करदोऱ्याला, आंघोळीतही सुटायची नाही. काडतुसांच्या पेटीची उज्वलाकडे, ती बँकेत गेली की चावी बँकेत. पोरांना दोन्ही चाव्या कुठे आहेत ते माहीत, आणि माहीत असून उपयोग शून्य. आजोबांच्या करदोऱ्याला हात घालायची हर्षालीचीसुद्धा छाती नव्हती. उज्वला म्हणाली, "बघू." बॅग पलंगाखाली गेली, पण भरलेलीच.

खरी दुनळी आली. खंडेनवमीला उज्वलाच्या आणि पोरांच्या देखत कपाट उघडलं, बंदूक मोडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं सगळ्यांना दाखवलं, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि आरती संपताच पुन्हा कुलूप. मी पेढा खाल्ला.

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, लाइट गेलेली. नाशिककडचे केबलचोर अशाच वेळी येतात, तारेत करंट नसतो. योगेश सातपूरला, उज्वला बँकेत, पोरांना सुट्टी, मी पाहुणी. सार्थक धावत आला, "आजोबा, विहिरीवर दोन माणसं मोटरची केबल कापतायत!"

खंडेरावांचा हात करदोऱ्याकडे गेला. कपाट उघडलं, दुनळी बाहेर आली. मग त्यांना आठवलं. काडतुसांची चावी बँकेत. पेटीच्या खोलीत गेले; पेटी समोर, कोपऱ्यात पहार. एक घाव घातला असता तर कुलूप निखळलं असतं. सुमनबाई पोलिसांना फोन लावत होत्या. पोरं दारात उभी, डोळे आजोबांवर.

खंडेरावांनी पहार उचलली. पेटीकडे बघितलं. पोरांकडे बघितलं. पहार खाली ठेवली, दुनळी कपाटात घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि मला म्हणाले, "ताई, काडेपेटी!"

द्राक्षांवरचे पक्षी हाकलायला शेडमध्ये सुतळी बॉम्ब असतात. शेडच्या आडोशाला जाऊन त्यांनी एक पेटवला आणि सगळ्या घशाने ओरडले, "पुढची अंगावर येईल!"

धडाड! आयुष्यात पहिल्यांदा खंडेरावांचा बार वाक्याला लागून झाला. चोर केबल टाकून, एकाची चप्पल टाकून, मोटरसायकल ढकलत शेजारच्या उसातून गायब. मी टाळ्या वाजवल्या. साऱ्या मळ्यात माझ्याच टाळ्या.

संध्याकाळी उज्वला आली. ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले, खंडेराव रंगात. ती तडक आत गेली, पेटीचं कुलूप बघितलं, कोपऱ्यातल्या पहारीकडे बघितलं, बाहेर आली.

"आप्पा, कुलूप तोडलं नाहीत?"

"पोरं बघत होती ना."

तिने खांद्यावरची पर्स उतरवली. मग काउंटरवरच्या त्याच आवाजात, "आणि ते सुतळी बॉम्ब कुठे ठेवलेले होते? उघड्यावर? पोरांच्या हाताला येतील असे?"

खंडेरावांच्या मिशीचा पीळ उतरला. शेजाऱ्यांनी माना वळवल्या.

"उद्या त्यांना पण पेटी आणा," ती म्हणाली आणि आत गेली. आतून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपड्यांच्या कपाटाच्या खणाचा. हर्षालीचे फ्रॉक एकेक करून खणात चालले होते. खंडेराव कान देऊन ऐकत होते. चेन पुन्हा बंद झाली नाही तेव्हा म्हणाले, "सुमन, चहा टाक. साखर कमी टाकलीस तरी चालेल."